ढाब्याचं तेल ट्रकच्या टाकीत

प्रश्न : धामनोदला ढाब्यांवरचं तळणाचं जळकं तेल आणि गॅरेजमधलं काळं ऑइल स्वस्तात मिळतं. गाळून डिझेलमध्ये मिसळलं तर चालेल? ट्रक बीएस-६ आहे.

उत्तर : काळ्या ऑइलचा विचारच सोडा. त्यातली जस्त-कॅल्शियमची राख फडक्याने गाळून जात नाही, सायलेन्सरच्या डीपीएफमध्ये, म्हणजे काजळीच्या गाळणीत, साचते. शिवाय तो घातक कचरा, परवानाधारकालाच द्यायचा.

तळणाचं तेल पेटतं, हे खरं. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं! पण तुमच्या कॉमन रेलमध्ये इंधन हजार बारहून जास्त दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारलं जातं. ४० अंशांनाही डिझेलच्या दहापट घट्ट असलेलं तेल तिथे धड फवारत नाही. नोझलवर कार्बन चढतो, न जळलेलं तेल रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि इंजिन ऑइलचा गाळ होतो. जानेवारीच्या पहाटे पामतेल टाकीतच थिजेल, ते वेगळंच.

याच तेलावर मेथॅनॉलची प्रक्रिया करून, ग्लिसरीन काढून बायोडिझेल बनतं. आयएस १५६०७ मानकाचं असेल आणि ट्रकच्या कंपनीची मुभा असेल तेवढंच वापरा; पंपावरच्या डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत ते चालतं. ढाबेवाल्याने जळकं तेल एफएसएसएआयच्या ‘रुको’ उपक्रमातल्या संकलकाला विकावं. तळणाचं तेल आधीच मिसळून झालं असेल आणि भरलेला ट्रक मानपूरच्या चढावर धाप टाकू लागला, तर पहिल्यांदा डिझेल फिल्टर उघडून बघा.