खेळाडू विद्यार्थ्यांचा गुणगौरव : मुदितेचा एक पाठ

दहावी-बारावीचे निकाल लागले की पिंपरी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या वस्त्यांमधून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. आमच्या संस्थेतही ही प्रथा आहे. गुणपत्रिका गोळा करायच्या, टक्क्यांनुसार यादी लावायची आणि विहारात पाहुण्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ व ग्रंथ द्यायचा. अशाच एका समारंभात मागच्या रांगेत बसून एक मुलगी प्रत्येकासाठी टाळ्या वाजवत होती. तिला अठ्ठावन्न टक्के होते, म्हणून तिचे नाव यादीत नव्हते. त्याच वर्षी ती खो-खोमध्ये राज्य पातळीवर खेळून आली होती, हे आम्हांला सतरंज्या गुंडाळताना तिच्या आईकडून कळले. आई तक्रार करत नव्हती, सहज बोलत होती. पण आमची यादी अपुरी होती, हे त्या दिवशी आम्हांला मान्य करावे लागले. त्यातूनच हा पाठ लिहिला आहे.

१. धम्म काय सांगतो?

सिद्धार्थ गौतमांनी उपासमारीची तपश्चर्या सोडली आणि सुजाताने दिलेली खीर घेतली, ही कथा आपण वैशाख पौर्णिमेला ऐकतो. शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही, हा तिचा अर्थ. अष्टांगिक मार्गातील सहावे अंग सम्यक व्यायाम हे आहे. तेथे व्यायाम म्हणजे दंडबैठका नव्हेत, तर योग्य दिशेने केलेला प्रयत्न. वाईट उपजू न देणे, उपजलेले टाकणे, चांगले निर्माण करणे आणि निर्माण झालेले टिकवणे, असे त्याचे चार भाग आहेत. पहाटे उठून मैदानावर जाणारा, व्यसनी सोबत टाळणारा आणि हरल्यावरही दुसऱ्या दिवशी सरावाला येणारा विद्यार्थी हा पाठ कृतीतून शिकत असतो.

दुसरा शब्द मुदिता. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी हा तिसरा. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या यशाने होणारा निर्मळ आनंद. मागच्या रांगेतील ती मुलगी मुदिता पाळत होती, आपण मात्र तिच्याबाबत ती पाळली नव्हती. सत्कार समारंभ हे मुदितेचे सामुदायिक रूप आहे, असे आम्ही मानतो.

२. टाळ्या मिळाल्या, मान मिळाला नाही

पालवणकर बाळू हे नाव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावे. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करी. तेथे इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकता टाकता तो उत्कृष्ट डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघाने त्याला घेतले, कारण जिंकायचे होते. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर चहा मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

तरुण बाबासाहेबांना बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत ते एकमेकांसमोर उभे राहिले. त्यामुळे बाळूंचे मैदानावरील मोठेपण कमी होत नाही. या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की, कामापुरते कौतुक आणि बरोबरीचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरस्काराने दुसरी गोष्ट साधली पाहिजे.

३. मान मिळाला, पण उशिरा

दुसरे उदाहरण आपल्या कारखानदारी पट्ट्याशी नाते सांगणारे आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. खचून न जाता ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री त्यांना २०१८ साली मिळाली आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. पदकापासून पद्मश्रीपर्यंत शेहेचाळीस वर्षे गेली. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक आणले, पण अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतरच दिला गेला.

राष्ट्रीय पुरस्कारांचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. विहारातल्या पुरस्काराचे आहे. चौदा वर्षांच्या मुलाला त्याच वर्षी मिळालेली थाप त्याला पुढच्या वर्षी मैदानावर आणते. पाच वर्षांनी दिलेली ढाल फक्त कपाटात बसते.

४. निवड कशी करावी?

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. या पायऱ्या लक्षात घेऊन आम्ही पुढील नियम सुचवतो.

(अ) निकष जूनमध्येच लिहून विहाराच्या फलकावर लावावेत. निकालानंतर ठरवलेला निकष संशय निर्माण करतो.

(आ) केवळ पदक पाहू नये. सरावातील सातत्य, पंचांशी व प्रतिस्पर्ध्यांशी वागणूक आणि शाळा न सोडणे, यांनाही गुण असावेत.

(इ) मुली, मुलगे आणि अपंग विद्यार्थी यांचा स्वतंत्र विचार व्हावा. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्ती, मुष्टियुद्ध, धावणे यांनाही तोच मान असावा.

(ई) निवड समितीत एक क्रीडाशिक्षक व एक महिला सभासद असावी. ज्याचे मूल स्पर्धेत आहे, त्या सभासदाने त्या बैठकीपुरते बाजूला बसावे.

(उ) समारंभाची वेळ पालकांच्या पाळ्या विचारून ठरवावी. आपल्याकडे कुणाची सुट्टी रविवारी, कुणाची गुरुवारी असते आणि कंत्राटी कामगाराला खाडा परवडत नाही. लेकराचा सत्कार आईबापांनी पाहिलाच पाहिजे.

५. काय द्यावे?

ढाल द्यावी, पण ढाल घालून धावता येत नाही. त्याच खर्चात बूट, स्पर्धेचे प्रवासभाडे किंवा महिनाभराची अंडी-दूध देता येतात. त्याहून मोठी मदत कागदपत्रांची आहे. खेळातील कामगिरीनुसार दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तेथेही क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी लागते. घरात हे सांगणारे कोणी नसते, तेथे संस्थेने सांगावे. प्रत्येक पुरस्कारप्राप्त मुलाची एक फाईल करून मूळ प्रमाणपत्रे जपायला त्याला शिकवावे. त्या खो-खो खेळणाऱ्या मुलीचे सवलतीचे गुण मागितले गेले होते का, हे आम्ही तेव्हा विचारलेसुद्धा नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, खेळासाठी अभ्यास सोडा, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाला दिलेले पहिले स्थान अढळ आहे. खेळ हेही एक शिक्षण आहे आणि ते घेणाऱ्याची नोंद समाजाने ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. यंदाच्या यादीत टक्क्यांच्या रकान्याशेजारी खेळाचा रकाना आखू या. मागच्या रांगेत कोण बसले आहे, तेही पाहू या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सम्यक व्यायामाचे चार भाग एखाद्या खेळाडूच्या दिनक्रमावरून स्पष्ट करा.
२. पालवणकर बाळूंना मिळालेले कौतुक व नाकारलेला मान यांतील फरक सांगा.
३. आपल्या वस्तीतील खेळाडू विद्यार्थ्यांची यादी करा व प्रत्येकाला आज कशाची गरज आहे, ते लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!