तीनशे रुपयांत नाण्यांचा संच

प्रश्न : स्वतंत्र भारताच्या नाण्यांचा संच पुरा करायचा आहे. महिन्याला तीनशेच रुपये बाजूला पडतात. जमेल?

उत्तर : सगळा संच एकदम नको. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली, त्या ‘नये पैसे’ मालिकेपासून सुरुवात करा. १, २, ५, १०, २५ आणि ५० अशी सहाच मूल्यं. प्रत्येकी एक नाणं मिळवा. साल आणि टांकसाळीचा हट्ट नंतर. पुढच्या नाण्यांवर सालाखाली तारा दिसला तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. कोलकात्याची खूणच नसते. दुहेरी नाणी अदलाबदलीला ठेवा. आणि चिंच-लिंबू लावून चकचकीत करू नका! मी तो उद्योग केलाय. घासलेल्या नाण्याला जाणकार गिऱ्हाईक मिळत नाही.