नवे टायर आणि जुनी चाल

गाडीला नवे टायर घातले. आता चाकांची दिशाही तपासून घ्यायची का? बाजारात या कामाला अलाइनमेंट म्हणतात. दुकानदार म्हणतो, "करूनच घ्या, मामा." शेजारी म्हणतो, "कशाला? उगीच खर्च." दोघांत खरं कोणाचं?

आधी बैलगाडीकडे बघा. लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. धाव झिजली की नवी चढवतात. पण नव्या धावेनं गाडीचा आस सरळ होत नाही. आस वाकडा असला तर वाकडाच राहतो. सरळ असला तर सरळच राहतो.

मोटारीचंही तसंच आहे. चाकांची दिशा टायर धरत नाही. ती लोखंडी दांड्या आणि सांधे धरतात. त्यांतल्या एका दांडीला टाय रॉड म्हणतात. टायर बदलताना या दांडीला कोणी हात लावत नाही. म्हणून टायर नवे घातले, एवढ्यावरून अलाइनमेंट लागतेच असं नाही. शेजाऱ्याचं इतकं खरं.

मग दुकानदार खोटं बोलतो का? तसंही नाही. चाकांची दिशा बिघडते ती रस्त्यानं. आपल्या नांदेड-लातूरकडची बरीचशी जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खालीवर होतो. मोठा रस्ता चांगला असला, तरी गावाकडं वळलं की खड्डे आलेच. सोयाबीनची पोती भरून गाडी मोंढ्याला निघाली आणि खड्ड्यात आदळली, तर दांडी जराशी वाकते. किंवा सांधा ढिला होतो. डोळ्यांना ते दिसत नाही. टायरला मात्र कळतं.

किती कळतं, ते हिशोबानं पाहू. समजा, पुढच्या दोन चाकांची तोंडं हवीत त्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त आत वळली. म्हणजे ज्वारीच्या बारीक दाण्याएवढी. छोट्या मोटारीचं चाक सुमारे ६०० मिलिमीटर उंच असतं. ६०० ला ३, म्हणजे २०० ला १. तेव्हा १ किलोमीटर चालताना दोन्ही चाकं मिळून ५ मीटर आडवी घासली जातात. नांदेडहून लातूर सुमारे १४० किलोमीटर. जाऊन येऊन २८०. एका खेपेत १४०० मीटर घासलं! नवं टायर किती दिवस पुरणार?

म्हणून जुने टायर काढले की लगेच दुकानात देऊन टाकू नका. कोणतं टायर कोणत्या चाकाचं, ते खडूनं लिहा. पुढचं डावं, पुढचं उजवं, असं. आता तुम्हाला लिहिता येतं, त्याचा इथं उपयोग होतो. मग ते निरखून बघा. चपलेचा तळ बघून माणसाची चाल कळते, तसं हे आहे.

एकच कड जास्त झिजली असेल तर चाक तिरपं आहे. नक्षीवर हात आडवा फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत लागलं आणि उलट फिरवताना करवतीसारखं बोचलं, तरी दिशा बिघडलेली आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. नुसता मधला भाग झिजला तर हवा जास्त होती. ही हवेची चूक आहे. अलाइनमेंटनं ती जात नाही.

आतल्या कडेकडे विशेष लक्ष द्या. उभ्यानं बघितलं तर बाहेरची कडच दिसते. ती चांगली असते आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. असं टायर उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, भर वेगात फुटतं. गाडीत लेकरंबाळं असतात.

दुसरी खूण चालवताना कळते. "मामा, गाडी एकीकडं ओढायली का?" असं मिस्त्री विचारतो, ते यासाठीच. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपं राहतं का, तेही बघा. पण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडं थोडा उतार असतो. त्यामुळे गाडी किंचित डावीकडं गेली तर घाबरू नका.

बॅलन्सिंग हे काम वेगळं आहे. त्यात चाकाला छोटी वजनं लावतात. नवं टायर घातलं की ते करावंच. नाही केलं तर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

तेव्हा जुने टायर सारखे झिजले असतील आणि गाडी सरळ चालत असेल, तर अलाइनमेंट न करता चालेल. तरी चारही टायर एकदम घेतले, तर निदान तपासून घ्यावं असं आम्हाला वाटतं. एका टायरच्या किमतीपुढं तो खर्च थोडा आहे. टाय रॉड किंवा सांधा बदलला असेल, तर मात्र टायर जुने असोत की नवे, अलाइनमेंट करावीच लागते.

दुकानात आधी चारही चाकांत बरोबर हवा भरून घ्या. किती भरायची, ते बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर असतं. मग सांधे हलवून बघायला सांगा. सांधा ढिला असेल तर आधी तो बदला. नाहीतर आज जुळवलेली दिशा उद्या पुन्हा बिघडेल. यंत्रातून छापील कागद निघत असेल, तर कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागून घ्या. आधीचेच आकडे ठरलेल्या हद्दीत असतील, तर फिरवायला काही उरलेलं नाही. त्या कागदावर तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहा आणि तो गाडीतच ठेवा.