आजचे चिंतन : वाद चालेल, द्वेष नको



आज चिंतनासाठी नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' घेऊया. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एकनाथ महाराजांची ही रचना. यात दोघं कडाडून भांडतात. एकमेकांच्या ग्रंथांना, रीतींना नावं ठेवतात. नाथ कुणालाच गप्प करत नाहीत. पण भांडता भांडता देव एकच हे दोघांनाही पटतं आणि शेवटी ते गळाभेट घेतात.

म्हणजे वाद वेगळा, द्वेष वेगळा. वादाला समोर माणूस लागतो. द्वेषाला तो नकोच असतो. "ते लोक" म्हटलं की काम भागतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: ज्यावर लोक जास्त थांबतात ते फीडमध्ये वर येतं, आणि रागावर लोक हमखास थांबतात. समोरचा माणूस मात्र दिसतच नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात. आपण वारकरी, भक्ती विठ्ठलाची, नेत्याची नव्हे. नेत्याला प्रश्न विचारायचे असतात.

आजचा अभ्यास: घरच्या ग्रुपवर विखारी फॉरवर्ड आला तर गप्प बसू नका, ग्रुपही सोडू नका. "काका, हे कुठून आलं?" एवढंच नम्रपणे विचारा. काका चिडतील कदाचित. चिडू देत. संवाद तिथूनच सुरू होतो.

माउली, समोरच्यात तुला बघायची बुद्धी दे.