‘मानवत नाही’ आणि ‘ॲलर्जी’ : एका शब्दांतराची चिकित्सा

‘ॲलर्जी’ हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दोन ग्रीक पदांपासून घडविला. मराठीत त्यासाठी ‘अधिहर्षता’ हा पारिभाषिक शब्द योजला गेला. परंतु तो घरांत शिरला नाही. तेथे ‘वावडे’, ‘बाधणे’, ‘सोसणे’, ‘मानवणे’ ही छटाभेद जपणारी पदे आधीच नांदत होती. वावडे व्यक्तीच्या प्रकृतीचे, बाधणे पदार्थाच्या परिणामाचे. ‘मानवत नाही’ ह्यात तर नुसती अस्वस्थताही सामावते.

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या हिंदीभाषी वस्तीत हा भेद औषधोपचाराचा प्रश्न होऊ शकतो. समजा, तेथील मराठी घरातील एक वृद्धा आपल्याला मागे मॉर्फीन ‘मानवले नाही’ असे सांगते. मुलगा डॉक्टरांना ‘एलर्जी है’ असे कळवितो आणि केसपेपरवर तोच शब्द उतरतो. पुढे कर्करोगाच्या असह्य वेदनांतही तिला मॉर्फीन नाकारले जाते. अफूविषयीचे जुने भय ह्या नकाराला बळच देते. (अरबी ‘अफ्यून’शी जुळणाऱ्या संस्कृत ‘अहिफेन’ ह्या पदाचा अर्थच मुळी सापाचा फेस.)

वस्तुतः मॉर्फीन, कोडीन यांची खरी ॲलर्जी विरळा. मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता हे त्यांचे परिचित दुष्परिणाम होत. खाज, लाली, गांधी यांचे कारणही बहुधा निराळे असते : ही द्रव्ये त्वचेतील मास्ट पेशींतून हिस्टामिन थेट मुक्त करतात; प्रतिपिंडांचा त्यात संबंध नसतो. त्वचेवरील चाचणी फसवी ठरते ती ह्यामुळेच. निरोगी माणसालाही तीत गांध उठू शकते. अशा वेळी मात्रा कमी करणे, औषध सावकाश देणे, हिस्टामिनविरोधी औषध जोडणे अथवा हिस्टामिन फारसे मुक्त न करणाऱ्या फेंटानिलकडे वळणे, हे मार्ग डॉक्टरांपुढे असतात.

ओठ-जीभ सुजणे, घुसमटणे, रक्तदाब कोसळणे ही मात्र निकडीची अवस्था. तेथे औषध तत्काळ थांबवून स्नायूत ॲड्रेनालिन आधी द्यावे लागते. आणि तज्ज्ञाने निर्णय देईपर्यंत ते औषध वर्ज्यच.

म्हणून केसपेपरवर औषधाचे नाव, मात्रा, किती वेळाने काय झाले आणि कोणते उपचार लागले, ह्यांबरोबर रुग्णेचे मूळ वाक्यही उतरवावे. ‘मानवले नाही म्हणजे काय झाले?’ असे मराठीत विचारल्यास कित्येकदा एवढेच उत्तर मिळते : ‘दोन दिवस उलट्या झाल्या.’