कुऱ्हाड घेताना आधी दांडा पाहा

पोरांनो, पेठच्या किल्ल्याला किंवा राजमाचीला मुक्कामी निघालात की पाठीवर नवीकोरी कुऱ्हाड दिसते. आमच्या कर्जत-खालापूरच्या रानात माणसाच्या कमरेला आकडीत कोयता असतो आणि कुऱ्हाड पडवीत. राबाची कवळं तोडणं, करवंदीची जाळी साफ करणं, बांबू तासणं ही कामं कोयत्याची. ओंडका तोडणं, फोडणं, मेख ठोकणं ही कुऱ्हाडीची. एवढी वाटणी केली की मधल्या मापाची एकच कुऱ्हाड जन्मभर पुरते.

माप. पातं पाऊण ते एक किलोचं घ्या. पातं मुठीत धरून हात लांब करा. दांड्याचं टोक काखेपर्यंत आलं की माप जुळलं. फार जड कुऱ्हाड लाकडाआधी खांदा मोडते. फार आखूड त्याहून वाईट. लांब दांड्याचा हुकलेला घाव बहुतेक जमिनीत जातो, आखूड दांड्याचा नडगीवर येतो.

दांडा. धामण किंवा तिवस, दोन्ही चिवट आणि हादरा सोसणारी. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मध्येच बाहेर पडणारी रेषा म्हणजे उद्याची चीर. रंगवलेला दांडा नको, रंगाखाली गाठ लपते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण वेगळ्या अर्थाची, पण सैल दांडा समोर उभ्या असलेल्या गोताला खरोखरच काळ ठरतो. म्हणून प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी पातं हलवून पाहा. हलत असेल तर पाचर ठोका. पाण्यात भिजत घालू नका. लाकूड फुगून दोन दिवस घट्ट बसतं, वाळल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं होतं.

पातं. दांड्याशिवाय टांगून टिचकी मारा. खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर चीर असू शकते. लोहाराकडून घडवायची असेल तर गाडीच्या जुन्या कमानीच्या पाट्याचं पोलाद सांगा. धारेवर कानस फिरवा. नुसतीच घसरली तर पाणी जास्त झालंय, पातं दगडावर टवका सोडेल. लोण्यासारखी कापत गेली तर पातं मऊ, धार लगेच वळेल. थोडी अडखळत चावली की घ्या. परदेशी कुऱ्हाडीची पातळ धार पाइनसारख्या मऊ लाकडासाठी असते. आपल्या ऐन-खैरासाठी धारेमागे थोडी जाडी हवी.

धार. कानशीने आकार द्या, निसण्याने धार लावा. विजेच्या चाकावर पातं निळं पडलं की पाणी उतरलं म्हणून समजा. काम नेहमी लाकडी ठोकळ्यावर करा. इथला काळा कातळ एका घावात धार खातो.

घाव. आधी वर पाहा, वेलीत अडकलेली कुऱ्हाड कुठेही वळते. मग आजूबाजूला पाहा. हात आणि दांडा मिळून फिरतील त्याच्या दुप्पट अंतरात कोणी नको. पाय फाकवून उभे राहा. बुटका ओंडका असेल तर गुडघ्यावर बसा. पडलेल्या खोडाच्या फांद्या छाटताना खोड तुमच्या आणि पात्याच्या मध्ये ठेवा आणि बुंध्याकडून शेंड्याकडे जा. घाट उतरताना कुऱ्हाड खांद्यावर नको. पात्याजवळ धरा, धार बाहेर, म्हणजे पाय घसरला तर टाकून देता येते.

लाकूड. हिरव्याला हात लावायचा नाही. वन खात्याच्या जंगलात तर नाहीच. स्वतःच्या मालकीतही साग, खैर, ऐन, किंजळ तोडायला 1964 च्या कायद्याने परवानगी लागते. माथेरानच्या आसपासचा कर्जत-खालापूरचा बराच भाग 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आहे. जाळायला वाळकं लाकूड, तेही गावकऱ्यांना विचारून. पाऊस पडून गेला असेल तर जमिनीवरचं सोडा. वाळका ओंडका फोडून आतला कोरडा गाभा काढा. सावर, पांगारा भसकन जळतात, निखारा धरत नाहीत. बिब्ब्याला कुऱ्हाड लावू नका. त्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि धूरही बाधतो. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर खाली ना ठोकाठोक, ना धूर.

जपणूक. पावसाळ्याआधी पात्याला तेलाचा हात, दांड्याला जवसाचं तेल. ते मुरून वाळतं, खोबरेल चिकट राहतं. चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं, तेव्हा पाचर पुन्हा तपासा.

महागडी कुऱ्हाड घेण्याआधी साधी घ्या, तिला स्वतः दांडा बसवा, स्वतः धार लावा. ते जमलं की कुठलीही कुऱ्हाड तुमच्या हातात चालेल. आणि जमत नाही तोवर ती रानात नेऊ नका.