दगडी कोळशाचा पहिला मक्ता आणि राजस्थानचा इतिहास : एका स्कॉटिश कुळाचा वारसा

काशीहून राजघाटाचा पूल ओलांडून मुघलसराईकडे जाणाऱ्यास चंदासीची कोळशाची बाजारपेठ लागते. झारखंड आणि बंगालमधील खाणींचा कोळसा येथे येऊन पडतो व पुढे उत्तर भारतभर जातो. काशीच्या वरच्या अंगाला, गंगेच्याच काठी, मिर्झापूर आहे. नागपूर व मध्य भारतातील कापूस एकेकाळी याच पेठेत उतरत असे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकास या दोन व्यापारी स्थळांत स्वारस्य वाटण्याचे कारण प्रथमदर्शनी दिसत नाही. तथापि एका स्कॉटिश कुळाच्या इतिहासात ही दोन्ही सूत्रे एकत्र आलेली आहेत. त्या कुळातील मामाने भारतातील दगडी कोळशाचा पहिला मक्ता मिळविला, तर भाच्याने भारतीय भाषांतील ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांना अर्धशतकाहून अधिक काळ कथाद्रव्य पुरविले. मामा म्हणजे स्युटोनियस ग्रँट हीटली आणि भाचा म्हणजे कर्नल जेम्स टॉड.

या कुळाचे स्थलांतर दुहेरी आहे. स्युटोनियस ग्रँट नावाचा गृहस्थ १७२५ मध्ये स्कॉटलंडमधील इनव्हर्नेस सोडून अमेरिकेतील ऱ्होड आयलंड वसाहतीत, न्यूपोर्ट येथे स्थायिक झाला. त्याची कन्या मेरी अँड्र्यू हीटलीला दिलेली होती. हे हीटली घराणेही मूळचे स्कॉटलंडचेच. त्यांच्या मुलांपैकी आजोबांचे नाव धारण करणारा स्युटोनियस आणि त्याचा भाऊ पॅट्रिक हे दोघे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत भारतात आले. त्यांची बहीण मेरी हिचा विवाह जेम्स टॉड याच्याशी झाला. त्याचा मिर्झापूर येथे निळीचा मळा होता. याच दांपत्याचा दुसरा मुलगा म्हणजे इतिहासकार जेम्स टॉड. त्याचा जन्म १७८२ चा. कंपनीच्या सैन्यातील जागा त्याला पॅट्रिक मामाच्या खटपटीने मिळाली आणि १७९९ मध्ये तो भारताकडे निघाला.

स्युटोनियस हीटलीकडे छोटा नागपूर व पलामू भागाचा मुलकी कारभार होता. त्या काळी कंपनीच्या शस्त्रागारांना लागणारा दगडी कोळसा इंग्लंडहून जहाजाने येत असे. दामोदर खोऱ्यात कोळशाचे थर असल्याचे हीटलीने हेरले आणि १७७४ मध्ये जॉन सम्नर याच्यासह वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारकडे खाणकामाचा मक्ता मागितला. अठरा वर्षांच्या मुदतीचा हक्क त्यांना मिळाला. रानीगंज परिसरातील एथोरा, चिनाकुरी, दामुलिया या गावांच्या आसपास खोदकाम सुरू झाले. पुढील वर्षी सुमारे अडीच हजार मण कोळसा कंपनीच्या हवाली करण्यात आला. कंपनीच्या कोठारावरील अधिकाऱ्यांनी त्याचा कस लावून पाहिला, विलायती कोळशाच्या तुलनेत तो फार हलका ठरविला आणि उद्योग थंडावला. हीटलीची नेमणूक पुढे पूर्णियाकडे झाली. कोळसासम्राट होण्याचे त्याच्या नशिबी नव्हते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. त्या परीक्षेने नेमके काय सिद्ध केले? भारतातील गोंडवन खडकांतील कोळशात राखेचे प्रमाण विलायती कोळशापेक्षा अधिक असते, हे खरे आहे. त्यातच आरंभीचे खोदकाम बहुधा वरवरच्या थरांतील असल्याने हाती आलेला माल ऊन-पावसाने निकस झालेला असण्याचा संभव आहे. थोड्या नमुन्यावरून आणि परक्या मापाने संपूर्ण खोऱ्याविषयी निर्णय दिला गेला. तो किती उतावळा होता, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले. चार दशकांनी रूपर्ट जोन्स याने त्याच भागाची पुन्हा पाहणी केली व रानीगंजची खाण सुरू झाली. १८३६ मध्ये ती द्वारकानाथ ठाकूर यांनी विकत घेतली. त्यांच्या कार-टागोर कंपनीच्या पुढाकाराने १८४३ मध्ये बेंगाल कोल कंपनी उभी राहिली. १८५५ मध्ये लोहमार्ग रानीगंजला पोहोचला. त्याच गोंडवन मालिकेतील वरोड्याचा कोळसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदा जिल्ह्याचे रूप पालटू लागला. १९७३ मध्ये देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, तेव्हा हीटलीच्या मक्त्याला एक कमी दोनशे वर्षे झाली होती.

भाच्याच्या वाट्याला याच्या अगदी उलट अनुभव आला. टॉड १८०६ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतील इंग्रज वकिलातीबरोबर मेवाडात पोहोचला आणि १८१८ ते १८२२ या काळात पश्चिम राजपूत राज्यांचा राजकीय प्रतिनिधी होता. यती ज्ञानचंद्र या जैन पंडिताच्या साहाय्याने त्याने चारण-भाटांच्या ख्याती, वंशावळी व रासो-काव्ये जमविली. त्यांतून १८२९ आणि १८३२ मध्ये दोन खंडांत राजस्थानचा इतिहास सिद्ध झाला. हा माल मात्र कस न लावताच स्वीकारला गेला. बंगालीत रंगलाल बंद्योपाध्याय यांचे ‘पद्मिनी उपाख्यान’ (१८५८), मायकेल मधुसूदन दत्त यांचे ‘कृष्णकुमारी’ (१८६१), बंकिमचंद्रांची ‘राजसिंह’ (१८८२) या कृतींचा उगम टॉडच्या पानांत आहे. मराठीत हरिभाऊ आपटे यांची ‘रूपनगरची राजकन्या’ राजसिंहाच्याच कथेकडे वळते. विशेष म्हणजे द्वारकानाथांचे नातू ज्योतिरिंद्रनाथ यांचे ‘सरोजिनी’ (१८७५) हे नाटक आणि पणतू अवनींद्रनाथ यांची ‘राजकाहिनी’ हीदेखील याच परंपरेतील होत. मामाच्या नाकारलेल्या कोळशाचे मोल ज्या ठाकूर घराण्याने ओळखले, त्याच घराण्यात भाच्याच्या ग्रंथाचेही स्वागत झाले, हा योगायोग बोलका आहे.

मराठी अभ्यासकाला या वारशाकडे तटस्थपणे पाहणे अवघड जाते. टॉडच्या कथनात राजपूत हे शौर्य आणि अभिजात सरंजामी परंपरेचे प्रतिनिधी आहेत, तर मराठे हे त्यांचे वैभव लुटणारे आक्रमक आहेत. मेवाडची झालेली हानी खोटी नव्हती आणि शिंदे-होळकरांच्या फौजांची खंडणीही खोटी नव्हती. परंतु टॉड हा मराठ्यांची सत्ता मोडून त्या जागी आलेल्या कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, हे विसरून चालणार नाही. मराठ्यांचे चित्र जितके काळे, तितका कंपनीचा हस्तक्षेप उजळ, असा हा हिशेब आहे. १८१० मध्ये विषप्रयोगाने मरण पावलेल्या कृष्णकुमारीची करुण कथा ज्या भाषांत गेली, त्या भाषांत हा हिशेबही तिच्याबरोबर गेला.

टॉडच्या साधनांची परीक्षा पुढे झाली नाही असे नाही. कविराज श्यामलदास यांनी १८८६ मध्ये ‘पृथ्वीराज रासो’च्या प्रामाण्याविषयी शंका उपस्थित केली आणि गौरीशंकर हीराचंद ओझा यांनी शिलालेखांच्या आधारे टॉडची अनेक विधाने दुरुस्त केली. परंतु तोवर नाटके रंगभूमीवर आली होती आणि कादंबऱ्या घरोघर पोहोचल्या होत्या. इतिहासाने केलेली दुरुस्ती साहित्याने रुजविलेल्या प्रतिमेपर्यंत क्वचितच पोहोचते.

हीटलीचा कोळसा एका अपुऱ्या परीक्षेमुळे चाळीस वर्षे भूमीत पडून राहिला. टॉडचा इतिहास परीक्षेवाचून अनेक भाषांत पसरला. पहिल्या चुकीची भरपाई उद्योगाने केली. दुसरीची भरपाई करणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे काम आहे. त्यासाठी टॉडपासून उगम पावलेल्या बंगाली, हिंदी, मराठी व गुजराती कृती एकत्र ठेवून, कोणत्या लेखकाने मूळ कथनातील मराठ्यांचे चित्र जसेच्या तसे उचलले, कोणी सौम्य केले आणि कोणी वगळले, याची तुलना करावी लागेल. काशीसारख्या, या सर्व भाषांचे भाषक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या नगरात अशा अभ्यासाची साधने आणि माणसे दोन्ही उपलब्ध आहेत.